आपला दगड पुढे सारायचा नाही

नसरापूरला हायवेजवळ, सिमेंट-रंगाच्या दुकानाच्या माडीवर आमच्या संस्थेचं ऑफिस होतं. जिना चढून आत आलं की डाव्या हाताला काचेचं कपाट. त्यावर निळ्या अक्षरांत ‘शिकवण कोपरा’. कपाटात एक बांबूची टोपली, नाचणीच्या कणसांचा वाळका झुबका, झिजलेला फाळ, आणि मधल्या फळीवर पांढऱ्या कापडावर ओळीनं मांडलेले दगड. प्रत्येकापुढे छापील चिठ्ठी : दगड क्र. १, दगड क्र. २, असे एकोणीसपर्यंत. पुण्याहून पाहुणे आले की आधी इथं थांबायचे, मान तिरकी करून बघायचे आणि ‘वॉव’ म्हणायचे. दगडांना वॉव म्हणणारी माणसं मी त्याच माडीवर पाहिली.

ते दगड मी आणले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी काही जणांची खरडपट्टी काढणार आहे आणि त्यात माझं नाव राहून गेलं असं कुणाला वाटायला नको.

मी तिथं ‘दस्तावेजीकरण सहायक’ म्हणून लागले होते. वर्षभरानं देणगीदारांच्या नव्या अर्जात एक नवं कलम आलं आणि त्या कलमासाठी मी ‘ज्ञान व्यवस्थापन अधिकारी’ झाले. खुर्ची तीच, पंखा तोच, ज्ञान तेवढंच. बदल एवढाच झाला की पूर्वी मी गावात जाऊन लोकांशी बोलायचे, आता मी गावात जाऊन लोकांचं ज्ञान ‘टिपायचे’. ज्ञान म्हणजे जणू कबुतराचे दाणे.

आमचा एक जुना कार्यकर्ता होता. वेल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर आयुष्य काढलेला. कुठल्या ओढ्याला कधी पाणी येतं, कुठल्या घरात कोण कुणाशी बोलत नाही, हे त्याला पाठ. तो नोकरी सोडून निघाला तेव्हा सरांनी त्याला फॉर्म दिला. ‘आपल्याकडील ज्ञान दोनशे शब्दांत लिहा.’ सर म्हणजे आमचे संचालक. आमच्याकडे सगळे एकमेकांना ताई आणि दादा म्हणत, समतेसाठी. सरांना मात्र सर. त्या माणसानं रकान्यात लिहिलं, ‘फोन करा, सांगतो.’ खाली नंबर. फॉर्म अपूर्ण म्हणून परत गेला. त्याला पुढे कुणी फोन केला नाही. मीही नाही.

मी भोरची. वडील कचेरीत कारकून आणि कचेरी सुटली की पत्रकं वाटणारे. धरणग्रस्तांची पत्रकं, मजुरीच्या दराची पत्रकं, बुवाबाजीविरुद्धची पत्रकं. पलंगाखाली गठ्ठे असायचे. मी अक्षरं शिकले ती ‘जाहीर निषेध’ या मथळ्यावरून, आणि आई उरलेल्या पत्रकांत भाकरी बांधून द्यायची, त्यामुळे शाळेत माझ्या डब्यावर कायम कुणाचा तरी धिक्कार असायचा. वडिलांचं एक वाक्य मी श्लोकासारखं पाठ केलं होतं : तोंडी कायदा पाटलाचा, लिहिलेला कायदा सगळ्यांचा. जे लिहून टाकलं ते न्यायाचं झालं, असं मी त्यातून घेतलं. वडील तसं म्हणत नव्हते, हे कळायला मला एक बाळंतीण लागली.

वेल्ह्याच्या पुढे, डांबर संपलं की जीपनं जायचं अशी एक वस्ती आहे. एकोणीस घरं. पावसाळ्यात तिथं डोंगर नुसता वाहत असतो आणि मार्च लागला की सगळं पाणी खाली दरीत निघून जातं. टँकर खालच्या वळणावरून माघारी फिरतो, वर चढत नाही. उन्हाळ्यात वस्तीला एकच आधार, कातळाच्या पोटातला झरा. एप्रिल-मेमध्ये तो इतका बारीक होतो की एक हंडा भरेपर्यंत घरच्या सगळ्या भाकऱ्या थापून होतील.

त्या झऱ्याशेजारी दगडी कठडा होता आणि त्यावर मुठीएवढे दगड ओळीनं ठेवलेले. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथं एक म्हातारी बसली होती. सगळी वस्ती तिला आत्या म्हणते.

“हे दगड कसले हो आत्या?”

“नंबर हायेत.”

“कुणाचा कुठला हे कसं ओळखता?”

“देवळाभाईर तुमी तुमची चप्पल वळखता न्हवं?”

मग तिनं दाखवलं. हा जात्याचा तुकडा अमक्या घरचा. ही विटकर त्या कोपऱ्यावरच्या घराची. ही गारगोटी तिची स्वतःची. काळा गुळगुळीत होता तो एका बाईनं वेगळी चूल मांडली तेव्हा माहेराहून आणलेला, सारोळ्याच्या पुलाखालून, नीरेच्या पात्रातला. ज्या घरचा दगड सगळ्यांत पुढे, त्या घरानं पाणी भरायचं, आणि भरून झालं की आपला दगड उचलून शेवटी ठेवायचा.

इथपर्यंत मला समजलं. पुढचं आत्या सहज बोलून गेली.

“आनी कुणाला नड असली तर तिचा दगड आपल्या फुडं ठेवायचा.”

“म्हणजे जिला गरज आहे तिनं स्वतःचा पुढे घ्यायचा?”

“न्हाई. आपला दगड आपन फुडं सारायचा न्हाई. दुसऱ्याचा सारायचा. माझ्या फुडं ठेवायचा तर म्याच ठेवनार. तुमच्या फुडं तुमी. आसं एकेकीनं ठेवलं की तिचा येतो म्होरं.”

“पण गरज आहे हे कळतं कसं? ती येऊन सांगते?”

आत्या हसली. पाणी भरणारी बाईही हसली. “सांगल कशाला? दोरीवर लंगुटं दिसत्यात. दाराम्होरं पाव्हण्यांच्या चपला दिसत्यात. कुनाच्या घरातनं खोकल्याचा आवाज येतोय. आंधळं हाय का हितं कुनी?”

“आणि कुणी ठेवलाच नाही पुढे तर?”

“मग पान्यावर तोंड कसं दावनार ती?”

हे सगळं मी वहीत घेतलं. पण खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही. पत्रकांवर वाढलेल्या डोक्याला त्यात वशिल्याचा वास आला. कुणी कुणाला पुढे ढकलायचं हे जर मर्जीवर असेल तर ज्या घराचं कुणाशी पटत नाही त्याचं काय? मला वाटलं, चांगली प्रथा आहे, फक्त हिला लिखित नियमांचा कणा हवा. वस्तीत एकोणीस बायका वर्षानुवर्षं एकमेकींच्या दोऱ्या वाचत होत्या आणि मी त्यांना साक्षर करायला निघाले होते.

ऑफिसात आल्यावर साचा भरायला घेतला. प्रथेचं नाव, टप्पे, भूमिका, नियम, अपवाद, इतरत्र राबवता येईल का. दगड पुढे ठेवण्याची गोष्ट मी ‘अपवाद’ या रकान्यात लिहिली. ती नियमापेक्षा मोठी झाली. सरांनी चष्मा वर केला.

“अपवाद एवढा लांब कसा, ताई? अपवाद नियमाहून मोठा झाला की मॉडेल कच्चं वाटतं.”

“काढून टाकू?”

“तुम्हीच बघा. तुम्ही ज्ञान अधिकारी.”

मी काढून टाकला. भांडले नाही. कोऱ्या कागदावरची एक रेघ खोडावी तितक्या सहज तो परिच्छेद गेला आणि ‘अपवाद’ पुढे मी लिहिलं, ‘नाही’.

मग त्याचं मॉडेल झालं, मॉडेलची पुस्तिका झाली, पुस्तिकेला निधी मिळाला. झऱ्यावर सिमेंटची टाकी बांधली, तिला नळ बसवला. कठडा टाकीत गेला. टाकीच्या भिंतीवर भोरच्या पेंटरनं पिवळ्या रंगावर काळ्या अक्षरांत फलक रंगवला : घराचा क्रमांक, वार, वेळ, एक दिवसाआड तीन हंडे. वर घोषणा, ‘पाणी समतेचं, पाणी सर्वांचं’. घोषणा माझी. एकोणीस घरांकडून कागदावर सह्या आणि अंगठे घेतले की फलकावरचं वेळापत्रक आम्ही पाळू. बचत गटाच्या अध्यक्षबाईंकडे एक वही दिली, कुणी किती हंडे नेले त्यावर खूण करायला. ही बाई जिभेनं तिखट आणि हिशेबाला चोख. आम्हाला अगदी हवी तशी.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सर म्हणाले, “ते मूळ दगड मिळाले तर बघा. कोपऱ्यात ठेवू. पाहुण्यांना वस्तू लागते.”

मी मागितले. बायका हसल्या. “दगडं न्या की. आजून काय न्हेताय, धोंडे?” काळ्या दगडाच्या बाईनं मात्र तो हातात जरा वेळ धरला.

“म्हायेरचा हाय.”

“काचेत ठेवणार आहोत, मावशी. जपून.”

तिनं दिला. आठवड्यात तो सरांच्या टेबलावर गेला, कारण पंख्यानं कागद उडायचे आणि तो बैठा, जड होता. कपाटात त्याच्या जागी चिठ्ठी तेवढी राहिली. ‘दगड क्र. ७’.

पुढच्या उन्हाळ्यात मला ‘परिणामांची कथा’ आणायला वस्तीवर पाठवलं. म्हणजे हसणारी बाई, भरलेला हंडा, मागे फलक. बुधवार होता. मी चढून गेले तर ती काळ्या दगडाची बाई दरीतून वर येत होती, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. खालचा डोह तिथून तासाभराच्या वाटेवर. दारात दोरीवर लंगोट वाळत होते. तिची थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती, मुलगी झाली होती, आणि त्या दिवशी पाचवी होती.

“मावशी, नळाला पाणी नाही?”

“हाय की. आमचा वार उद्या.”

अध्यक्षबाई नळाशी वही घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दुसरीकडे.

“तीन हंड्यांत बाळंतिणीचं कसं होणार?” मी म्हटलं. “कुणी पुढचा नंबर का देत नाही?”

“बोर्डावर लिवलंय त्ये खरं,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “आमी काय लिवलं न्हाई.”

“मावशी, तुम्ही मागून बघितलं?”

तिनं हंडा उतरवला आणि पदरानं मान पुसली. “आजवर मागाया लागलं न्हाई. आता कुठनं तोंड आनू?” आणि मग, आवाज जरासुद्धा न चढवता : “बारसं हितंच करायचं व्हतं, बाराव्या दिशी. पाव्हनं येतील. त्येंला काय तुमच्या फोटूतलं पानी पाजू? जावयाला निरोप धाडलाय, भाटघरला त्येंच्या दारात नळ हाय. सोमवारी सकाळच्याला गाडी घिऊन येत्यात, दहाव्या दिशी न्हेत्यात.”

आत अंधारात लेक बसली होती. आईला एवढंच म्हणाली, “सव्वा म्हैना म्हनली व्हतीस.”

मी फोटो काढला नाही. याचं श्रेय घेण्यासारखं काही नाही, कारण त्यानंतरचे दिवस मी कसे घालवले ते आता सांगते.

गुरुवारी मी सरांना सविस्तर मेल लिहिली. मुद्दे पाडून. पुस्तिकेतून एक गोष्ट वगळली गेली आहे, फलकामुळे एका बाळंतिणीचं नुकसान होतं आहे, सोमवारपर्यंत काही करायला हवं. ‘वगळली गेली’, असं लिहिलं. वगळणारी कोण, ते वाक्यरचनेनं झाकून टाकलं. सरकारी पत्रांना मी याच रचनेसाठी शिव्या घालत आले होते.

शुक्रवारी सर पुण्यात होते. ‘शिकणारी संस्था’ या विषयावर कार्यशाळा होती, तिथं ते बोलणार होते. फोनवर म्हणाले, “सोमवारच्या आढावा बैठकीत घेऊ.” मी म्हटलं, निदान ऑफिसच्या जीपमधून दोन ड्रम पाणी वर पाठवू या. ते म्हणाले, “ताई, आपण पाणी वाटणारी संस्था नाही. आपण क्षमता बांधतो.”

शनिवार-रविवार सुट्टी. मी भोरला घरी होते. कपडे धुतले. भरपूर पाण्यानं.

सोमवारी बैठक. आमच्याकडे आढाव्याला कार्डं असतात. हिरवं म्हणजे यश, पिवळं म्हणजे सुधारणेला वाव. लाल कार्ड नाहीच, कारण लाल रंगानं वातावरण नकारात्मक होतं असं कुठल्या तरी प्रशिक्षणात ठरलं होतं. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. दगड, दोरी, दरी, दहावा दिवस. या वेळी ‘मी काढून टाकलं’ असंही म्हणाले. मला वाटलं, आता कुणीतरी उठेल आणि जीपची किल्ली काढेल.

सर म्हणाले, “फार छान शिकवण आहे. पिवळ्या कार्डावर लिहा.”

“सर, ती आज जाणार आहे.”

“एका केसवरून मॉडेल बदलत नसतं, ताई. पण नोंद व्हायला हवी. नोंद महत्त्वाची.”

मी पिवळं कार्ड लिहिलं. हे मला स्वतःला अजून खरं वाटत नाही, पण लिहिलं, अक्षर नीट काढून, आणि कार्डं लावायच्या पडद्यावर चिकटवलं. मग चहा आला. सगळे बिस्किटं बुडवत त्या कार्डाकडे मान हलवून बघत होते, मयताला गेल्यासारखे, फक्त मयत ओळखीचं नव्हतं.

चहा पिता पिता मी उठले. कपाट उघडलं, अठरा दगड पिशवीत भरले. मग सरांच्या टेबलावरचा काळा उचलला. पंखा चालू होता. कागद उडाले ते उडाले. खालच्या दुकानातून काळ्या रंगाचा डबा आणि एक ब्रश घेतला, वेल्ह्याची एसटी पकडली, पुढे जीप. पिशवीनं खांद्याला वळ उठला. वाटेत मी मनातल्या मनात भाषण तयार करत होते. ते भाषण चांगलं होतं.

वर पोचले तेव्हा दुपार कलली होती. दोरी रिकामी होती.

“पोरगी सकाळीच ग्येली,” आत्या म्हणाली.

मी पिशवी टाकीशेजारी उतरवली आणि दगड काढायला लागले. भाषण वळणावरच कुठंतरी सांडलं होतं. बायका जमल्या. एकीनं आपला जात्याचा तुकडा उचलला. “आगं बया, ह्येला डिंकानं आकडा चिकटवलाय.” चिठ्ठ्या उभ्या राहीनात म्हणून मीच मागे आकड्याचे कागद चिकटवले होते. तिनं नखानं तो खरवडला. बाकीच्यांनीही खरवडायला घेतले, वांगी निवडल्यासारखे.

“तुमचे दगड परत आणलेत,” मी म्हटलं. ऐकायला फारच लहान वाटलं ते.

अध्यक्षबाईंनी कमरेवर हात ठेवले. “दगडासाठी आडलं व्हतं व्हय, मॅडम? सगळा डोंगर दगडाचा हाय. हवं तेवढं ठिवले असते.”

“मग का नाही ठेवले?”

“आंगठं कुनी घेतलं आमचं?” त्या म्हणाल्या. “आदी कसं, म्या माझ्या फुडं तिचा ठिवला तर त्ये माझं माझं. कुनी मोजत नव्हतं. आता वही आली. म्या हिला हंडा दिला तर त्या वहीत कुठं लिवू? आन लिवला तर दुसरी म्हननार, हिला दिला, मला का न्हाई? एकदा लिवलं ना मॅडम, की लोकं मोजाया लागत्यात. म्या पन लागले.”

शेवटचं वाक्य त्या टाकीकडे बघत म्हणाल्या. त्यांनीही त्या दहा दिवसांत खुणा केल्या होत्या, बरोबर, एकही चूक न करता.

“आम्ही फलक पुसतो,” मी म्हटलं. “म्हणजे मी पुसते. त्या कागदाला काही अर्थ नाही. वेळापत्रक मोडलं म्हणून टाकी कुणी नेणार नाही.”

“लिवून देता का?”

हे आत्या म्हणाली. क्षणभर कुणाच्या लक्षात आलं नाही आणि मग सगळ्या जणी हसत सुटल्या, मलाही हसू आलं, आणि त्या हसण्यातच मी डबा उघडला. मोठमोठे पट्टे ओढले. वार गेले, वेळा गेल्या, तीन हंडे गेले. ‘पाणी समतेचं’ ही ओळ मी मुद्दाम आधी घेतली.

टाकीच्या माथ्यावर सपाट जागा होती. बायकांनी दगड तिथं मांडले, कुठला कुणाच्या मागे होता यावर थोडी हुज्जत घालून. काळा दगड मीच शेवटी ठेवला, कारण त्याची मालकीण अजून आली नव्हती. ती गोठ्यातून आली, शेणाचे हात तसेच. काळ्या झालेल्या भिंतीकडे पाहिलं, मग दगडांच्या ओळीकडे.

तिच्या पुढचा दगड जिचा होता तिनं काळा उचलून आपल्या पुढे ठेवला. मग तिच्या पुढचीनं. मग तिच्याही पुढचीनं. दोघी-तिघींना घरातून हाक मारून आणावं लागलं. अध्यक्षबाईंचा दगड पहिला होता. त्यांनी शेवटी काळा उचलला, आपल्या विटेच्या तुकड्यापुढे ठेवला आणि हात मागे घेतला.

“आता म्होरं यिऊन काय करू?” ती म्हणाली. “घरात मानसं दोन. रांजन भरलेला हाय, सकाळीच खालनं आनलंय. पोरीच्या आंघूळीला म्हनून.”

 

मग तिनं अध्यक्षबाईंच्या घराकडे मान वळवून पाहिलं. “तुज्या दारात चपला दिसत्यात गं चार.”

“नणंद आलीय पोरास्नी घिऊन.”

तिनं विटेचा तुकडा उचलला आणि आपल्या काळ्या दगडापुढे ठेवला. “भर जा,” म्हणाली, आणि हात धुवायला पाणी न घेता गोठ्याकडे परत गेली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मला चहा अध्यक्षबाईंनी दिला. साखर कमी होती, मी मागितली नाही.

बारसं भाटघरला झालं. वस्तीपासून वर एक टेकाड आहे, तिथंच रेंज येते. तिथं उभं राहून आजीनं ते दुसऱ्याच्या मोबाईलवर पाहिलं, असं आत्यानं मला नंतर सांगितलं. आवाज येत नव्हता, नुसती तोंडं हलत होती, त्यामुळे नाव काय ठेवलं ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

दगड परत केले त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी ऑफिसात गेले ती भांडायच्या तयारीनं. शिकवण कोपऱ्यात एकोणीस दगड होते. चिठ्ठ्या त्याच. दगड हायवेच्या कडेला कामासाठी टाकलेल्या ढिगातले, करकरीत, सगळे एका मापाचे. ‘दगड क्र. ७’ सुद्धा आता हजर होता. पाहुणे येणार होते, आणि ते आले, आणि वॉव म्हणाले. मी त्यांचं लक्ष वेधून सांगितलं की हे दगड या समोरच्या रस्त्यावरचे आहेत. एक बाई माझ्या विनोदावर हसल्या.

सर रागावले नाहीत. रागावण्यासाठी काहीतरी हरवलं आहे असं वाटावं लागतं. ते म्हणाले, “वस्तू बदलता येतात, ताई. कथा टिकली पाहिजे.” आणि माझ्यापुढे कागद सरकवला. पिवळ्या कार्डाची कृती-शिफारस झाली होती. फलक पुन्हा रंगवायचा आणि त्यात नवी ओळ घालायची : ‘घरात बाळंतीण असल्यास दोन हंडे जादा. त्यासाठी समितीकडे अर्ज करावा.’

“सर, मागावं लागू नये, हाच तर त्या दगडांचा…”

“म्हणूनच सोय केली ना मागायची,” ते म्हणाले, अगदी मायेनं.

मी नोकरी सोडली. जाताना तोच फॉर्म आला, आपल्याकडील ज्ञान दोनशे शब्दांत. मी त्या जुन्या कार्यकर्त्याचा फोन नंबर लिहिला.

पेंटर भोरचा, ओळखीचा, त्यामुळे पुढचं मला त्याच्याकडून कळलं. तो डबे घेऊन वर गेला तेव्हा टाकीच्या माथ्यावर दगड ओळीनं होते आणि अध्यक्षबाई पाणी भरत होत्या. त्यानं सांगितलं की फलक पुन्हा लिहायचाय, वरून आदेश आहे. त्याला वाटलं भांडण होईल. बाईंनी हंडा बाजूला घेतला आणि त्याला जागा करून दिली.

“लिव बाबा, तुझं काम हाय,” म्हणाल्या. “फकस्त दगडास्नी रंग लागू दिऊ नगंस.”